ग्लायकॉल युनिटवर या चुका टाळा: ड्यू पॉइंट बिघडला म्हणून रिबॉयलरला हात घालू नका

शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत वर्ष-दोन वर्षं काढून गॅस प्लँटवर जाणारी कोल्हापूरची पोरं आता बरीच आहेत. कुणी उरणला, कुणी हजिऱ्याला, कुणी थेट आखातात. तिथल्या ग्लायकॉल युनिटचं काम गॅस सुकवायचं: कॉन्टॅक्टर नावाच्या उभ्या टाकीत ग्लायकॉल हा द्रव गॅसमधलं पाणी शोषतो, मग रिबॉयलरमध्ये तापवून त्यातलं पाणी उडवतात आणि तो परत फिरवतात. गॅस किती कोरडा झाला ते ड्यू पॉइंटवरून, म्हणजे त्यातलं पाणी कितव्या अंशाला दव धरतं त्यावरून, कळतं. रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत फोन येतो आणि तक्रार ठरलेली असते: "सर, ड्यू पॉइंट बसंना. टेंपरेचर वाढवलं तरी बसंना." यातलं दुसरं वाक्य ऐकलं की माझं डोकं तापतं.

ट्रायएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे टीईजी, साधारण २०६ अंश सेल्सिअसला तुटायला लागतं. म्हणून रिबॉयलर १९० ते २०४ च्या दरम्यान चालवतात. साध्या वातावरणीय दाबाला २०४ अंशांवर लीन ग्लायकॉल (पाणी उडवलेलं) ९८.६ टक्क्यांच्या आसपास शुद्ध मिळतं. त्याहून जास्त हवं असेल तर स्ट्रिपिंग गॅस, म्हणजे उरलेलं पाणी ओढून नेणारा कोरडा गॅस, त्यात सोडायचा, ९९.५ च्या पुढेही जाता येतं. जाळ वाढवून ते मिळत नाही. गुऱ्हाळावर जाळ भसाभस वाढवला की रस आटायच्या आधी काहिलीचा तळ करपतो आणि गुळव्या शिव्या घालतो. इथं शिव्या घालायला कोणी नसतं, एवढाच फरक. शिवाय गेज दाखवतं ते आतल्या ग्लायकॉलचं तापमान. आत जाळ असलेल्या फायर ट्यूबचा पत्रा त्याहून बराच गरम असतो आणि तो २२० अंशांच्या वर जाता कामा नये. ट्यूबवर मिठाचा थर बसला असेल तर गेज २०० दाखवत असताना थराखालचा पत्रा जळत असतो.

किनाऱ्यावरच्या एका प्लँटवरची गोष्ट सांगतो. ड्यू पॉइंट घसरला. शिफ्टवरच्या उत्साही गड्यानं रिबॉयलरचा सेट पॉइंट २१२ वर नेला, कुणाला विचारलं नाही. दोन दिवस आकडा जरा सुधारला, म्हणून पुढच्या शिफ्टनंही तो तसाच ठेवला. काही आठवड्यांत ग्लायकॉल काळंकुट्ट झालं, त्याला करपट आंबूस वास यायला लागला आणि पीएच साडेपाचवर आला. ग्लायकॉल तुटलं की सेंद्रिय आम्लं तयार होतात आणि ती आपलंच लोखंड खातात. मग दुसऱ्या हुशारानं पीएच वर आणायला अमाइनचा, म्हणजे आम्ल मारणाऱ्या रसायनाचा, कॅन एका दमात ओतला. पीएच चढला खरा, पण भिंतींवर धरलेला सगळा गाळ एकदम सुटला. फिल्टर शिफ्टमागं शिफ्ट तुंबायला लागले, कॉन्टॅक्टरमध्ये फेस उठला, डिफरन्शियल प्रेशर (त्याच्या खालच्या-वरच्या दाबातला फरक) एकदम चढलं आणि ग्लायकॉल गॅसबरोबर थेट लाइनमध्ये गेलं. पुढं लाइन साफ करायला पिग (गॅसच्या दाबानं पाइपमधून ढकलायचा बोळा) मारला तेव्हा तो जिथं बाहेर काढतात त्या रिसीव्हरमध्ये काळा चिखल आला. नायट्रोजन मारलेला होता, पण दार उघडल्यावर पाणी मारायचं कुणाला सुचलं नाही. चिखलात आयर्न सल्फाइड होतं. हवा लागून वाळायला लागलं तसं ते धुमसायला लागलं. एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) असलेल्या गॅसच्या लाइनवर हे व्हायचंच. त्याला पेटायला काडी लागत नाही, ते ओलंच ठेवायचं असतं.

मूळ बिघाड काय होता? इनलेटच्या एअर कूलरच्या पंख्याचा पट्टा तुटला होता. गॅस तापून येत होता आणि गरम गॅस जास्त पाणी घेऊन येतो. दर १० अंशांना ते जवळजवळ दुप्पट होतं. एक पट्टा बदलला असता तर काम झालं असतं.

म्हणून माझी सवय अशी: ड्यू पॉइंट बिघडला की पहिल्यांदा इनलेट गॅसचं तापमान आणि दाब, मग ग्लायकॉलचा फेरा, मग कॉन्टॅक्टरवर जाणाऱ्या लीन ग्लायकॉलचं तापमान, मग स्टिल कॉलमचा, म्हणजे रिबॉयलरवरच्या वाफेच्या खांबाचा, माथा. रिबॉयलर सगळ्यात शेवटी, आणि तोही जागेवरचा थर्मामीटर तपासून. कंट्रोल रूममधल्या स्क्रीनवर माझा तेवढा विश्वास नाही.

पीएच ७ ते ८.५ मध्ये ठेवा. नमुन्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घालून मीटरनं मोजा. पट्टीवरचा रंग बघून अंदाज करणाऱ्यांचं मला काही सांगू नका. घसरला असेल तर आधी छोट्या नमुन्यात अमाइन थेंबाथेंबानं घालून किती लागतं ते काढा, मग ते काही दिवसांत विभागून द्या आणि फिल्टरचा जादा साठा जवळ ठेवा. आणि तो का घसरला ते शोधा. स्टोरेज टँकवर हवा बाहेर ठेवणारा ब्लँकेट गॅस नसेल तर हवा लागून ग्लायकॉल आंबतच राहणार, तुम्ही अमाइन ओतत बसा.

पंप फुल्ल करणारे वेगळेच. एक किलो पाण्यामागं २५ लिटरच्या आसपास ग्लायकॉल पुरतं. त्याहून फार फिरवलं तर रिबॉयलरला दम राहत नाही आणि लीन उलट पातळ होतं.

लीन ग्लायकॉल गॅसपेक्षा ५ ते ८ अंश गरम हवं. थंड असेल तर हायड्रोकार्बन सुटून फेस येतो.

इनलेट सेपरेटरचा (गॅसबरोबर आलेलं सुटं पाणी वेगळं करणाऱ्या टाकीचा) ड्रेन चोंदलेला असेल तर मीठ आत येणार. ड्रेन रोज बघा.

टॉप-अप किती करता ते लिहून ठेवा. दहा लाख घनमीटर गॅसमागं १३ लिटरच्या वर ग्लायकॉल जात असेल तर ते कुठंतरी गळतंय, नाहीतर उडतंय.

आता गॅस नेणाऱ्या लाइनचं. आतून गंज धरायला पाणी लागतं. कार्बन डायऑक्साइड कोरड्या गॅसमध्ये निमूट बसतो, पाणी मिळालं की कार्बोनिक आम्ल. वाहून आलेलं ग्लायकॉल सखल भागात साचतं, ओलावा ओढतं आणि पाइपच्या तळाला खड्डे पडतात. आणि आपला कूपन, म्हणजे गंज मोजायला लाइनमध्ये लावलेली धातूची पट्टी, कुठं? वरच्या बाजूला, जिथं पाणी पोचतच नाही! अहवालात गंज शून्य, सगळे खूश. कूपन तळाशी लावा, आणि उघड्या बोटांनी धरू नका.

दाभोळ-बेंगळुरू गॅस लाइन आपल्या जिल्ह्यातून जाते. तिच्यात गॅस आधीच सुकवून येतो, म्हणून इथं जास्त काळजी बाहेरच्या गंजाची. शिरोळ, हातकणंगल्याकडची काळी जमीन पावसात फुगते, मे महिन्यात भेगाळते आणि कोटिंगला ओढ देते. कॅथोडिक प्रोटेक्शनचं (पाइपला करंट देऊन गंज रोखायच्या सोयीचं) वाचन घेणारी पोरं 'ऑन'चा आकडा लिहून मोकळी होतात. त्यात मातीतून वाहणाऱ्या करंटचा व्होल्टेज ड्रॉप मिसळलेला असतो. करंट क्षणभर तोडणारा इंटरप्टर लावून 'ऑफ'चा आकडा घ्या. मातीवर टेकवायच्या कॉपर सल्फेट सेलच्या मानानं तो उणे ८५० मिलिव्होल्ट किंवा त्याहून उणे हवा, पण उणे १२०० च्या पलीकडे नको, तिथं कोटिंग सुटायला लागतं. उन्हाळ्यात सेल टेकवण्याआधी मी जागेवर बाटलीभर पाणी ओततो. वाळक्या ढेकळावर ठेवलेला सेल काहीही दाखवतो. सेलच्या आतल्या द्रावणात न विरघळलेले निळे खडे दिसत नसतील तर आधी ते भरा, मग वाचन घ्या.