जाड कादंबरी अर्ध्यात सुटू नये म्हणून

जाड कादंबरी सुटते ती बहुधा खंड पडल्यामुळे. चार-पाच दिवस पुस्तकाला हात लागला नाही की कोण कुणाचा कोण हेच आठवत नाही, आणि मागची पन्नास पानं पुन्हा चाळायचा धीर होत नाही. यावर उपाय सोपा आहे: पोस्टकार्डाएवढा कागद खूण म्हणून वापरा. नवं पात्र आलं की त्यावर पेन्सिलीने नाव, नातं आणि पान क्रमांक लिहा.

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडून कथा सांगतात. निवेदक बदलला की सुरुवातीची काही पानं परकी वाटतात आणि खूण नेमकी तिथेच अडकते. असा भाग रात्री डोळे मिटत असताना सुरू करू नका. सुट्टीच्या सकाळी सलग तासभर द्या.

एरवी रोज पंधरा-वीस पानं पुरे. थांबायचं ते प्रसंगाच्या मध्येच, म्हणजे उद्या पुस्तक उचलायची ओढ राहते.

शंभर पानं झाली तरी कुणाचं पुढे काय होतं याची उत्सुकता नसेल, तर पुस्तक खुशाल वाचनालयात परत करा. तिथे कुणीतरी त्याची वाट पाहत असेल.