संग्रहालयातील कला-अभ्यासवर्गाची पूर्वतयारी : भायखळ्यापुरते काही

राणीच्या बागेला लागून असलेली जुनी, देखणी वास्तू एवढीच भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची ओळख अजूनही पुष्कळांच्या मनात आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेले, १८७२ मध्ये सध्याच्या इमारतीत लोकांसाठी खुले झालेले आणि मोठ्या जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये पुन्हा उघडलेले हे संग्रहालय समकालीन कलेची प्रदर्शने भरवते. त्यांच्या जोडीने व्याख्याने, मार्गदर्शित फेऱ्या, मुलांच्या कार्यशाळा आणि आधुनिक व समकालीन भारतीय कलेवरील पदव्युत्तर पदविकेसारखा दीर्घ अभ्यासक्रमही त्याने चालवला आहे. कलामहाविद्यालयाची पायरी न चढलेल्या आणि नोकरी-संसार सांभाळून अशा उपक्रमांना येऊ पाहणाऱ्या वाचकांसाठी पुढील तयारी सुचवत आहे. अभ्यासवर्ग म्हटला की माणसे आधी पुस्तके गोळा करायला लागतात. माझ्या मते पाहण्याची सवय आधी लावावी आणि पुस्तके नंतर उघडावीत.

सर्वप्रथम आपल्याला नेमके काय हवे आहे ते ठरवावे. मार्गदर्शित फेरी तासाभरात आटोपते आणि तिच्यासाठी कुतूहलापलीकडे काही लागत नाही. कार्यशाळेत हात चालवावे लागतात. दीर्घ अभ्यासक्रमात मात्र नेमलेले वाचन, सादरीकरणे आणि लेखी काम यांचा भार असतो, आणि तो रात्री जेवणे झाल्यावर उचलायचा असल्याने घरच्यांशी आधीच बोलून ठेवणे शहाणपणाचे ठरते. नोंदणीपूर्वी प्रवेशाची पात्रता, उपस्थितीची अट, शिकवण्याची भाषा, लेखी कामाच्या मुदती आणि मध्येच सोडावे लागल्यास शुल्क परत मिळते का, एवढे प्रश्न संग्रहालयाला लेखी विचारावेत. वेळापत्रक बदलत असते, त्यामुळे मागच्या वर्षी कोणी सांगितलेल्या वारावर विसंबू नये.

नाव नोंदवल्यावर, पहिल्या वर्गाच्या आधी, एकदा स्वतंत्रपणे संग्रहालय पाहून यावे. बुधवारी ते बंद असते, हे लक्षात ठेवावे. या पहिल्या फेरीत तळमजल्यापासून सुरुवात करून ओतीव लोखंडाचे खांब, छताची रंगीत नक्षी आणि कपाटांमधली निरनिराळ्या जातिजमातींच्या व व्यवसायांच्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती नीट पाहाव्यात. समकालीन कला शिकायला आलेल्या माणसाने एकोणिसाव्या शतकातल्या कपाटांत कशाला डोकावायचे, असा प्रश्न पडेल. परंतु इथे आलेल्या अनेक आजच्या कलावंतांनी आपल्या कामातून या वास्तूला आणि या संग्रहालाच उत्तर दिले आहे, आणि मूळ संग्रह माहीत नसेल तर ते उत्तर अर्धेच कळते. सुदर्शन शेट्टी यांचे प्रदर्शन इथे २०१० मध्ये झाले. २०११ मध्ये जितीश कल्लाट यांनी आणलेले शिल्प दुरून थेट इमारतीच्या दुरुस्तीसाठी बांधलेल्या बांबूच्या परांचीसारखे दिसे. जवळ गेल्यावर ते बांबू खरे नसून रेझिनचे, म्हणजे कृत्रिम राळेचे, ओतीव आहेत आणि त्यांवर प्राण्यांच्या आकृती आहेत, हे ध्यानात येई. नुकत्याच जीर्णोद्धार झालेल्या दालनात पुन्हा परांची उभी करण्यातली खोच, त्या दालनाचा इतिहास ठाऊक असलेल्यालाच लागणार.

याच फेरीत पाहण्याचा एक सराव करावा, आणि वेळ कमी असेल तर यादीतले बाकी सारे सोडून निदान हा तरी करावाच. एक कलाकृती निवडावी, तिच्या बाजूची माहितीपाटी वाचू नये आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे तिच्यासमोर थांबावे. वहीत फक्त दिसते तेच लिहावे : वस्तू कशाची आहे, केवढी आहे, जमिनीवर ठेवली आहे की टांगली आहे, प्रकाश कोठून पडतो, आपल्याला तिच्याभोवती फिरता येते की एकाच बाजूला उभे राहावे लागते. ‘सुंदर’, ‘विचित्र’, ‘अर्थपूर्ण’ असले शब्द त्या पंधरा मिनिटांत वर्ज्य समजावेत. साधारण पाचव्या मिनिटाला कंटाळा येतो. तेव्हा जागा न सोडता दोन पावले मागे जाऊन पुन्हा लिहायला घ्यावे. पाटी वाचायची ती अगदी शेवटी, आणि आपल्या नोंदींतले काय तिच्यात नाही, यावर खूण करून ठेवायची. वर्गात विचारण्याजोगे प्रश्न बहुधा त्या खुणांतूनच मिळतात.

वाचनासाठी थोडकी चौकट पुरते. सर जे. जे. कलाशाळाही १८५७ चीच, आणि १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांनी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक कलावंतांचा गट उभा केला, एवढे दोन टप्पे पक्के असले तरी व्याख्यानातले बरेच संदर्भ जागच्या जागी बसतात. शक्य असल्यास १९५२ ची जहांगीर आर्ट गॅलरी आणि जवळच्याच सर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून असलेले राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय एकाच दिवशी पाहून घ्यावे. दोन्हींमधले अंतर पायी जाण्याइतके आहे. सोमवारी मात्र हे दुसरे संग्रहालय बंद असते.

सामान मोजके असावे. दालनात शाईचे पेन सहसा चालत नाही, म्हणून दोन शिसपेन्सिली आणि हातात धरून लिहिता येईल अशी जाड पुठ्ठ्याची वही घ्यावी. मोठी पिशवी बाहेर ठेवावी लागेल, हे गृहीत धरावे. छायाचित्रांची परवानगी विचारून घ्यावी आणि फ्लॅश बंद ठेवावा. चपला-बूट तासभर उभे राहता येईल असे असावेत. रविवारचा वर्ग असेल तर शनिवारी रात्रीच मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक पाहून ठेवावा, कारण कल्याण-डोंबिवलीहून येणाऱ्याचे पहिले अर्धे व्याख्यान बुडते ते बहुतेक वेळा आळसाने नव्हे, तर भायखळ्याला जलद गाडी न थांबल्याने किंवा गाडीच रद्द झाल्याने.

व्याख्यान इंग्रजीत असले तरी प्रश्न मराठीत विचारायला संकोचू नये. मुंबईच्या संग्रहालयात समजून घेणारे कोणी ना कोणी असतेच. आधी लिहून आणलेला एक प्रश्न, तोही एखाद्या विशिष्ट कलाकृतीविषयीचा, ‘आधुनिक कलेत अर्थ असतो का’ यासारख्या सभेला झोपवणाऱ्या प्रश्नापेक्षा केव्हाही बरा.

शाळेचा वर्ग घेऊन येणाऱ्या शिक्षकांची तयारी थोडी वेगळी असते. त्यांनी पत्र पुरेसे आधी पाठवून मुलांची संख्या, इयत्ता आणि हवी असलेली भाषा कळवावी, आणि स्वतः एकदा येऊन स्वच्छतागृहे, पाण्याची सोय व डबे खाण्याची जागा पाहून जावी. पन्नास वस्तू दाखवण्याच्या मोहात पडू नये, तीन पुरेत. आवारातला घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती सुरुवातीला घ्यावा, कारण तो तुकडे झाल्यावर पुन्हा जुळवलेला आहे आणि त्याचे सांधे शोधण्यात मुले आपोआप गप्प होतात. त्यानंतर मातीच्या प्रतिकृतींपैकी एक आणि चालू प्रदर्शनातली एक कलाकृती घेऊन या दोन्हींत माणूस कसा दाखवला आहे, एवढेच विचारावे. शेजारच्या बागेतले पेंग्विन पाहायचे असतील तर ते संग्रहालयानंतर पाहावेत, आणि हा क्रम मुलांना बसमध्ये बसतानाच सांगून टाकावा.