ल्युकेमियाच्या रुग्णासाठी गावातून रक्तदाते जमवताना

खेड्यात कुणाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाल्याचे कळले की भाऊ, बहिणी, काका, मामा अशी सगळी मंडळी त्याच दिवशी जीप करून नागपूर गाठतात आणि रक्तपेढीच्या दारात बाह्या सरसावून उभी राहतात. ही माया खरी असली, तरी ज्या रुग्णाला पुढे मूलपेशी प्रत्यारोपण (दात्याच्या रक्त तयार करणाऱ्या पेशी देणे) लागण्याची शक्यता आहे, त्याला सख्ख्या नात्यातल्या माणसाचे रक्त शक्यतो द्यायचे नसते.

सख्ख्या भावाची किंवा बहिणीची एचएलए जुळणी, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांची जुळणी, पूर्ण बसण्याची शक्यता चारात एक असते. त्याच घरातले रक्त रुग्णाला आधी चढवले, तर त्याचे शरीर त्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे (परक्या पेशींशी लढणारी द्रव्ये) तयार करू शकते आणि पुढे भावाच्या मूलपेशी नाकारल्या जाण्याचा धोका वाढतो. दुसरा धोका क्वचितचा, पण बहुधा जीवघेणा आहे. जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या जिवंत पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, आणि त्याच पेशी उलट त्याच्यावर हल्ला करतात. पांढऱ्या पेशी गाळणाऱ्या नुसत्या फिल्टरने हे टळत नाही. त्यासाठी पिशवीला किमान 25 ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) इतके किरण द्यावे लागतात, आणि ही सोय प्रत्येक रक्तपेढीत नसते.

म्हणून यादी शेजारी, मित्र, शाळेतले शिक्षक, ग्रामपंचायतीतली माणसे यांच्यापासून सुरू करावी. मेहुणा आणि साडू चालतात. मात्र ज्या घरांत मामाची मुलगी करून घेतात, तिथे मेहुणाही रक्ताचाच निघतो, हे विचारून घ्यावे. एका वहीत प्रत्येकाचे नाव, फोन, वजन, मागच्या रक्तदानाची तारीख आणि कार्डावर छापलेला रक्तगट लिहावा. तोंडी सांगितलेला रक्तगट चुकीचा निघाल्याने फेरी वाया जाते. नेहमीच्या रक्तदानासाठी वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन 12.5 लागते, तर दोन दानांत पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 120 दिवसांचे अंतर ठेवावे लागते.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया भागात वहीत आणखी एक रकाना हवा, तो सिकलसेलचा, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा. सिकलसेल वाहकाचे रक्त पांढऱ्या पेशी गाळण्याच्या फिल्टरमध्ये अनेकदा अडकते, आणि ल्युकेमियाच्या रुग्णाला बहुधा असेच गाळलेले रक्त द्यायचे असते. वाहक असणे हा आजार नव्हे, त्यामुळे हा प्रश्न सर्वांसमोर न विचारता एकट्याला विचारावा.

खरी कसोटी प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींची, असते. लाल पेशी 2 ते 6 अंशांवर 35 ते 42 दिवस टिकतात, परंतु प्लेटलेट 20 ते 24 अंशांवर सतत हलत्या ठेवूनही जेमतेम 5 दिवस टिकतात. केमोथेरपीनंतर आठवडेच्या आठवडे प्लेटलेट लागू शकतात. म्हणून एकाच दिवशी शिबिर घेऊन चाळीस पिशव्या जमवण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी दोन माणसे पाठवणे कितीतरी उपयोगाचे ठरते. मशीनवर प्लेटलेट देणाऱ्याची कोपरातली शीर चांगली असावी आणि त्याने आधीचे 3 दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी. सोयाबीनची काढणी किंवा धानाची रोवणी तोंडावर असेल, तर नोकरदारांची नावे त्या आठवड्यांसाठी राखून ठेवावीत. एकादशीच्या उपवासाला कुणाला पाठवू नये. दात्याने जेवूनच निघावे. रक्तपेढीतून पिशवी नातेवाइकांनाच न्यावी लागली, तर लाल पेशींना बर्फाची पेटी लागते, पण प्लेटलेटला बर्फ लागता कामा नये. काळजीपोटी ही चूक हमखास होते.

भावंडांनी मात्र सांगितल्याबरोबर एचएलए तपासणी करून घ्यावी. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1983 साली देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले, तेव्हा दाता म्हणून भावंडच पुढे आले होते. आता मूलपेशी काढायला बहुतेकदा हाड टोचावे लागत नाही. साधारण 5 दिवस इंजेक्शने घेऊन मशीनवर चार-पाच तास बसले की रक्तातूनच मूलपेशी गोळा होतात. सिकलसेलचा वाहक भाऊ सहसा चालतो, पण ज्याला प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे, त्याला ही इंजेक्शने धोक्याची असतात.

भावाचा रक्तगट वेगळा असला तरी प्रत्यारोपण होऊ शकते, आणि पेशी रुजल्यावर रुग्णाचा रक्तगट हळूहळू भावाचा होतो. म्हणून प्रत्यारोपणानंतर वहीच्या पहिल्या पानावरचा जुना गट खोडावा आणि कोणत्या गटाचे रक्त चालेल, हे डॉक्टरांकडून लिहून घेतल्याशिवाय एकही दाता गावातून पाठवू नये.