इस्रायल-पॅलेस्टाईनवर वाद घालताना या चुका टाळा

आमच्या रविवारच्या कट्ट्यावर हा विषय निघाला की दहाव्या मिनिटाला चहा निवतो आणि विसाव्या मिनिटाला कुणीतरी चपला घालून निघून जातं. पुढचा रविवार मग शेतीमालाच्या भावावर काढावा लागतो. खाली ज्या चुका सांगतोय त्यातल्या निम्म्या मी स्वतः केलेल्या आहेत.

सोयीच्या तारखेपासून सुरुवात करणे

एक जण ७ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू करतो: हमासचा हल्ला, सुमारे १,२०० ठार, २५१ ओलीस. दुसरा १९४८ काढतो, सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी निर्वासित. तिसरा १९२९ च्या हेब्रॉन शहरातल्या दंगलीवर जातो, तिथे ६७ ज्यू मारले गेले. चौथा १९१७ चं बाल्फोर जाहीरनाम्याचं पत्र आणतो, ज्यात ब्रिटिश सरकारने पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा दिला. पाचवा थेट रोमनांनी पाडलेल्या जेरुसलेमच्या ज्यू मंदिरापर्यंत पोचतो. तारीख ठरली की आरोपीही ठरतो, पुढचा वाद नुसता उपचार.

एप्रिल १९४८ मधले चार दिवस घ्या. ९ तारखेला इर्गुन आणि लेही या ज्यू सशस्त्र गटांनी दैर यासीन गावात शंभरहून अधिक अरब गावकऱ्यांना मारलं. १३ तारखेला जेरुसलेममधल्या माउंट स्कोपसवरच्या हदासा रुग्णालयाकडे निघालेल्या ताफ्यावर अरबांनी हल्ला केला; ७८ जण गेले, त्यात डॉक्टर होते, नर्स होत्या. एक बाजू ९ तारखेला थांबते, दुसरी १३ ला सुरू होते. दोघंही खरंच बोलत असतात.

उपाय साधा आहे. कुणीही तारीख सांगितली की विचारायचं, ‘आणि आदल्या आठवड्यात?’ पण आदला आठवडा सांगणं म्हणजे घडलेल्याचं समर्थन नव्हे, हे त्याच दमात सांगून टाकायचं. ‘का झालं’ आणि ‘बरोबर होतं का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि निम्मी भांडणं ते एकाच पातेल्यात शिजवल्यामुळे होतात.

चार नकाशांवर विश्वास ठेवणे

हिरव्या-पांढऱ्या रंगातले चार नकाशे तुम्हीही पाहिले असतील. हिरवं म्हणजे पॅलेस्टाईन, आणि ते डावीकडून उजवीकडे आटत जातं. नजर लावून बघितलं तर चारही नकाशे वेगवेगळी गोष्ट मोजतात. पहिल्यात पांढरं म्हणजे ज्यूंनी खरेदी केलेली खासगी जमीन, सहा-सात टक्के. उरलेलं सगळं हिरवं, पण त्यात सरकारी जमीन आणि नेगेवचं वाळवंटही आलं. दुसरा नकाशा संयुक्त राष्ट्रांच्या १९४७ च्या फाळणी आराखड्याचा, जो जमिनीवर कधी उतरलाच नाही. तिसऱ्यातला हिरवा भाग १९६७ पर्यंत जॉर्डन आणि इजिप्तच्या ताब्यात होता, पॅलेस्टिनी राज्य तिथे नव्हतं. चौथा इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातल्या ओस्लो करारानंतरच्या प्रशासकीय तुकड्यांचा. म्हणजे मालकी, प्रस्ताव, लष्करी ताबा आणि प्रशासन हे एका ओळीत मांडून त्याला इतिहास म्हटलंय. पहिल्या इयत्तेची उंची, दुसरीचं वजन, तिसरीचे गुण, आणि म्हणे मूल खुरटलं.

आता उलटी चूक. नकाशात गफलत निघाली की समोरचा खूश होऊन म्हणतो, ‘बघा, जमीन गेलीच नाही.’ गेली. वेस्ट बँकेचा, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या पॅलेस्टिनी प्रदेशाचा, सुमारे साठ टक्के भाग आजही ‘सी’ विभाग म्हणून पूर्णपणे इस्रायली नियंत्रणात आहे आणि ज्यू वसाहती वाढतायत. आणि ज्या जमिनी रीतसर विकत घेतल्या, तिथेही सगळं स्वच्छ नव्हतं. मर्ज इब्न आमिरच्या खोऱ्यातली मोठी शेती बैरूतच्या सुरसोक घराण्याने विकली. खरेदीखत पक्कं होतं, पण पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुळं उठवली गेली. कुळकायद्याची भांडणं घरात ऐकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या बाजूचाही एक आवडता नकाशा आहे: बावीस अरब देशांत एवढंसं इस्रायल, ‘मग जा की तिकडे’. याफा या पॅलेस्टाईनमधल्या बंदराचा संत्रेवाला जॉर्डनच्या अम्मानात परकाच असतो.

‘अरबांनी फाळणी नाकारली, विषय संपला’

१९४७ च्या ठरावात ज्यू राज्याला सुमारे ५५ टक्के भूभाग होता, ज्यू लोकसंख्या साधारण एक तृतीयांश. त्या ज्यू राज्यातही चाळीस टक्क्यांहून जास्त रहिवासी अरब असणार होते. नाकारण्याला कारण होतं. पण नाकारल्यावर लढाई सुरू करण्याची जबाबदारीही असते, ती कारण सांगून पुसली जात नाही.

आपल्याकडचा चष्मा लावणे

ही मराठी कट्ट्यांची खास चूक. हिंदू-मुसलमान वादाचा साचा उचलायचा आणि जेरुसलेमवर बसवायचा. मग बेथलेहेमचे पॅलेस्टिनी ख्रिस्ती कुठे बसवायचे? इस्रायलच्या सैन्यात सक्तीची सेवा करणारे द्रुझ, म्हणजे अरबी बोलणारा एक वेगळा धर्मपंथ, कुठल्या बाजूचे? इस्रायलच्या नागरिकांत साधारण पाचवा हिस्सा अरब आहेत, त्यांचं काय?

याच चष्म्यातून गांधीजींचं वाक्य फिरवलं जातं: इंग्लंड जसं इंग्रजांचं, तसं पॅलेस्टाईन अरबांचं. हे त्यांनी ‘हरिजन’मध्ये नोव्हेंबर १९३८ मध्ये लिहिलं, खरंच. पण जर्मनीत ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं (सिनेगॉग) फोडली गेली त्याला तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते, आणि त्याच लेखात आपली सगळी सहानुभूती ज्यूंकडे आहे असंही लिहिलंय. अरबांच्या अतिरेकाचं समर्थन करत नाही, हेही आहे. अर्धा लेख एकाच्या खिशात, अर्धा दुसऱ्याच्या.

‘भारताची भूमिका पहिल्यापासून हीच’ असं कुणी म्हणालं तर साल विचारा. १९४७ मध्ये भारताने फाळणीच्या विरोधात मत दिलं. १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली, १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला, आणि इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला १९९२ उजाडलं.

ठरावाचं मराठी भाषांतर वाचून निकाल देणे

सुरक्षा परिषदेचा १९६७ चा ठराव २४२ सांगतो की इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशांतून मागे हटावं. सगळ्या प्रदेशांतून की काही? इंग्रजी मसुद्यात ‘प्रदेश’ या शब्दाआधी ‘द’ (the) नाही, आणि फ्रेंच मसुद्यातून मात्र ‘ते सगळे’ असा अर्थ निघू शकतो. त्या एका ‘द’वर मुत्सद्दी अर्धं शतक भांडतायत. मराठीत ‘द’च नसल्याने आपल्याला ते भांडण दिसतसुद्धा नाही. ठरावाची प्रस्तावनाही वाचा. युद्धाने प्रदेश मिळवणं अमान्य, असं तिथे स्पष्ट आहे.

सरकार आणि माणसं एकच समजणे

२००६ च्या पॅलेस्टिनी कायदेमंडळाच्या निवडणुकीत हमासला १३२ पैकी ७४ जागा मिळाल्या; मतं मात्र निम्म्याहून कमी. त्यानंतर दीड दशकाहून जास्त काळ पुढची निवडणूकच नाही. तेव्हा मत दिलेला गाझातला सगळ्यात तरुण मतदार आज पस्तिशी ओलांडून गेलाय. इकडे २०२३ मध्ये न्यायव्यवस्थेतल्या बदलांविरुद्ध लाखो इस्रायली दर आठवड्याला रस्त्यावर उतरत होते. ‘ते सगळे तसलेच’ हे वाक्य कुणाच्याही तोंडून आलं की मी चहाचा दुसरा राउंड मागवतो.

‘ज्यू म्हणजे युरोपातून आलेले’

हे ऐकलं की मी कोकणाकडे बोट दाखवतो. घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, अलिबाग-पनवेल-मुंबईहून गेले आणि लोद, रामला, बेरशेबा, दिमोना अशा गावांत वसले. तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांबाबत शंका घेतल्या. आंदोलनं करून १९६४ मध्ये कुठे सरकारने त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता दिली. इराकमधले लाखाहून अधिक ज्यू १९५०-५१ मध्ये विमानाने आणले गेले. यातल्या कुणालाही ‘गोरा वसाहतवादी’ म्हणणं जमत नाही.

पण उलट बाजूचं ‘पॅलेस्टिनी अशी ओळखच नव्हती’ हेही टिकत नाही. ‘फलस्तीन’ नावाचं वर्तमानपत्र १९११ मध्येच याफात सुरू झालं होतं. आणि लोद-रामला ही तीच गावं, जिथून जुलै १९४८ मध्ये इस्रायली सैन्याने पन्नास हजारांहून जास्त अरबांना बाहेर काढलं, त्यातल्या अनेकांना उन्हातून चालत.

मागच्या महिन्यात कट्ट्यावर एक काकू म्हणाल्या, त्यांची शाळेतली मैत्रीण लोदला असते, अजून एलियाहू हनबी या प्रेषितासाठी मलिदा करते, फोनवर मराठीतच भांडते. बारावीतल्या एका मुलीने विचारलं, ‘काकू, त्या घरात आधी कोण राहायचं?’

‘नवी बिल्डिंग आहे गं ती,’ काकू म्हणाल्या. मग थोडं थांबून, ‘गाव जुनं आहे. विचारते तिला.’