चाळिशीत कोलंबीची अ‍ॅलर्जी निघाली तर काय करायचं

जन्मभर कोलंबी खाल्ली मग आत्ताच कसं काय, असं सगळेच विचारतात, पण मोठेपणी नव्याने निघणाऱ्या अ‍ॅलर्जीत कोलंबी-चिंबोरी बऱ्यापैकी वरच्या नंबरला आहे.

अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले की घरी "थोडीशी खाऊन बघू" अजिबात नको. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरकडे स्किन प्रिक टेस्ट (कातडीला बारीक टोचून अ‍ॅलर्जी बघतात ती) करा, त्याआधी काही दिवस सेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते, ते डॉक्टरांना विचारून.

आता मेन गोष्ट. कोलंबीतलं अ‍ॅलर्जी देणारं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन उकळून तळून पण जात नाही, त्यामुळे "रस्सा तरी घे गं" म्हणणाऱ्या मावशीला सरळ नाही म्हणा (रुसेल, रुसू दे). चिंबोरी, शेवंड, जवळा, करदी सगळ्यात तेच प्रोटीन. पापलेट-सुरमईचं वेगळं असतं, बऱ्याच जणांना चालतं, पण डॉक्टर हो म्हणाले तरच, आणि ठाण्याच्या मार्केटमध्ये कोळीणबाईंना आधी कोयता आणि फळी धुवायला सांगा, सांगितलं की धुतात. मालवणी हॉटेलात कोलंबी ज्या तेलात तळतात त्यातच बोंबील तळतात का ते विचारा. थाई करी पेस्टमध्ये पण कोलंबी असते बरं का, पाकीट वाचा.

श्वास लागला, घसा आवळला, चक्कर आली तर गोळीवर थांबू नका. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं असेल तर लगेच मांडीत घ्या, 108 लावा, आडवे व्हा, श्वास लागत असेल तर बसा, पण उठून चालू नका.