फाइल जोडावी की लिंक द्यावी? ऑफिसच्या मेलसाठी काही पक्क्या सवयी

मेलमध्ये पेपरक्लिपच्या चिन्हावर क्लिक करण्याआधी एक प्रश्न विचारा: ही फाइल अजून बदलणार आहे का?

बदलणार असेल तर जोडू नका, लिंक द्या. पुढच्या वर्षाच्या बजेटची एक्सेल शीट आठ जणांना जोडून पाठवली, की आठ वेगवेगळ्या प्रती तयार होतात. प्रत्येक जण आपापले आकडे भरून परत पाठवतो आणि कोणीतरी एक जण ते जुळवत बसतो. तेवढ्यात एखाद्याने जुन्याच प्रतीत दुरुस्ती केलेली असते. हीच शीट गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर ठेवून लिंक दिली, तर फाइल एकच राहते.

बदलणार नसेल तर मात्र जोडाच. सही झालेले पत्र, मंजूर झालेले कोटेशन, दिलेले बिल यांची लिंक देऊ नये. लिंकमागची फाइल उद्या कोणी बदलू शकते, हलवू शकते, आणि फाइलचा मालक नोकरी सोडून गेला व त्याचे खाते बंद झाले तर ती हाती लागणेही कठीण होते. पुरावा म्हणून जे जपायचे, त्याची प्रत समोरच्याच्या इनबॉक्समध्येच हवी.

लिंक देताना

सर्वांत जास्त गोंधळ परवानगीचा होतो. ड्राइव्हमध्ये फाइलवर राइट-क्लिक करून ‘शेअर’ उघडा. खाली ‘जनरल ॲक्सेस’मध्ये ‘रिस्ट्रिक्टेड’ असेल तर ज्यांचे मेल पत्ते तुम्ही वर घातले त्यांनाच फाइल उघडते. बाकीच्यांना परवानगी मागावी लागते आणि तुम्ही ती देईपर्यंत त्यांचे काम अडते. ‘एनीवन विथ द लिंक’ निवडले तर लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला फाइल दिसते, मग तो तुमच्या ऑफिसातला असो वा नसो. पगारपत्रक, ग्राहकांचे मोबाइल नंबर, आधारच्या प्रती यांसाठी हा पर्याय कधीही वापरू नका. नावे एकेक करून घालायला दोन मिनिटे लागतात, ती द्यावीत.

नावापुढची भूमिकाही तपासा. ‘व्ह्यूअर’ फक्त पाहतो, ‘कमेंटर’ शेरे लिहितो, ‘एडिटर’ मजकूर बदलू शकतो. मसुदा तपासायला देताना ‘कमेंटर’ पुरतो. पाठवण्याआधी लिंक ब्राउझरच्या इन्कॉग्निटो विंडोत (जिथे तुमचे लॉग-इन लागू नसते) उघडून पाहा. लॉग-इन न करता फाइल दिसली तर ती जगाला खुली आहे, असे समजा.

ड्राइव्हवर ठेवलेल्या पीडीएफमध्ये चूक सापडली तर नवी फाइल चढवून नवी लिंक पाठवू नका. फाइलवर राइट-क्लिक करून ‘मॅनेज व्हर्जन्स’मधून दुरुस्त प्रत अपलोड करा. लिंक तीच राहते आणि आधी पाठवलेल्या सगळ्या मेलमधून नवी प्रत उघडते. जुनी प्रत साधारण 30 दिवसांनी निघून जाते. ती ठेवायची असेल तर ‘कीप फॉरएव्हर’ निवडा.

25 एमबीची फाइल 25 एमबीची राहत नाही

जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे, हे बहुतेकांना माहीत असते. त्याहून मोठी फाइल जोडली तर जीमेल आपोआप ड्राइव्हची लिंक करते. तरीही 22 एमबीची फाइल तुमच्याकडून व्यवस्थित जाते आणि समोरून बाउन्स होऊन परत येते, असे का?

ईमेलची मूळ रचना साध्या मजकुरासाठी झाली. त्यामुळे फाइल पाठवताना तिचे अक्षरांत रूपांतर करावे लागते. या बेस64 पद्धतीत तीन बाइटची चार अक्षरे होतात, शिवाय ओळी तोडण्याची चिन्हे पडतात. म्हणजे आकार सुमारे 37 टक्क्यांनी वाढतो. 25 एमबीची फाइल वाटेत 34 एमबीच्या घरात जाते. समोरच्या सर्व्हरची मर्यादा या फुगलेल्या आकाराला लागते. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज ही मेल यंत्रणा स्वतःच्या सर्व्हरवर चालवणाऱ्या कंपनीत ती मुळात 10 एमबी असते, आणि कोणी बदलली नसेल तर सात एमबीच्या पुढची फाइल अडते. म्हणून बाहेरच्या कंपनीला पाठवताना सगळ्या अटॅचमेंट मिळून सात एमबीच्या आत ठेवा. परत आलेल्या मेलमध्ये 552 हा आकडा दिसला तर अर्थ बहुधा हाच: आकार जास्त झाला, किंवा समोरची पेटी भरली. तोच मेल पुन्हा पाठवून उपयोग नसतो.

आकार नेमका कुठे कमी होतो

झिप केल्याने नेहमी आकार घटतो, हा समज सोडा. वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटच्या आजच्या फाइली (डीओसीएक्स, एक्सएलएसएक्स, पीपीटीएक्स) मुळात झिपच असतात. जेपीजी फोटो आणि एमपी4 व्हिडिओही आधीच दाबलेले असतात. त्यांचे झिप केले तर जेमतेम काही केबी वाचतात. सीएसव्ही आणि साध्या मजकुराच्या फाइली मात्र खूप लहान होतात. वीस फाइली एका पुडक्यात बांधायलाही झिप चांगले. त्यात ईएक्सई किंवा बॅट फाइल (संगणकावर प्रोग्राम चालवणारी) असेल तर जीमेल ती झिपमधूनही ओळखून अडवते.

खरा फरक स्कॅनमध्ये पडतो. ए4 पान 300 डीपीआयवर (एका इंचात 300 ठिपके) रंगीत स्कॅन केले तर दाबण्याआधी ते 26 एमबी भरते. 600 डीपीआयवर त्याच्या चौपट. हेच पान 200 डीपीआयवर ग्रेस्केलमध्ये, म्हणजे फक्त काळ्या-करड्या छटांत, चार एमबीच्या आत बसते, आणि पीडीएफ होताना आणखी कमी होते. साध्या टाइप केलेल्या पत्राला एवढे पुरते. शिक्का किंवा निळ्या शाईची सही दिसायला हवी असेल तर 200 डीपीआय ठेवून रंगीत घ्या. फार बारीक अक्षरांच्या सातबाऱ्यासाठी 300 लागू शकते.

वर्ड किंवा पॉवरपॉइंट फाइल जड झाली असेल तर दोष बहुतेक वेळा मोबाइलच्या फोटोंचा असतो. फोटो कोपऱ्यातून ओढून छोटा केला तरी आतला डेटा तेवढाच राहतो. फोटोवर क्लिक करा, ‘पिक्चर फॉरमॅट’मध्ये ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ उघडा, ‘अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर’वरची खूण काढा, ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’वर खूण करा आणि 150 पीपीआय (इंचामागे फोटोचे ठिपके) निवडा. कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो आणि समोरचा तो पुन्हा उघडू शकतो, म्हणून दुसरी खूण महत्त्वाची.

उघडली, पण वाचता येत नाही

मराठी कार्यालयांत आजही श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेल्या वर्ड फाइली फिरतात. हे फाँट युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत, वापरत नाहीत. समोरच्या संगणकावर तोच फाँट नसेल तर ‘महाराष्ट्र’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो. फक्त वाचायचे असेल तर वर्डमधूनच पीडीएफ करून पाठवा, कारण त्यात फाँट सोबत जातो. समोरच्याला मजकूर बदलायचा असेल तर तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करा. त्यानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासा, तिथेच चुका राहतात.

आउटलुकमधून गेलेल्या फाइलऐवजी समोर ‘विनमेल.डॅट’ नावाची फाइल पोहोचत असेल तर मेल रिच टेक्स्ट या आउटलुकच्या खास स्वरूपात गेला आहे. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘मेल’मध्ये जाऊन ‘एचटीएमएल’ निवडा. आयफोनचा एचईआयसी फोटो विंडोजवर उघडत नसेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ‘कॅमेरा’, ‘फॉरमॅट्स’, ‘मोस्ट कम्पॅटिबल’ करा. पुढचे फोटो जेपीजीमध्ये निघतील.

एक्सेल पाठवताना लपवलेल्या शीट्सही सोबत जातात. ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘चेक फॉर इश्यूज’, ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवा आणि ते फाइलच्या प्रतीवर चालवा. काही माहिती काढून टाकल्यावर परत येत नाही.

पाठवताना

आधी फाइल जोडा, मग मजकूर लिहा, पत्ते सर्वांत शेवटी घाला. या क्रमाने अटॅचमेंट विसरत नाही आणि अर्धवट मेलही सुटत नाही. जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘अनडू सेंड’ 30 सेकंदांवर ठेवा, मुळात ते पाचच सेकंद असते.

फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा: ‘2025-07-14_पुणे_कोटेशन_2’. असे लिहिले की फोल्डरमध्ये फाइली आपोआप तारखेने लागतात. विंडोजला नावात तिरकी रेघ चालत नाही, म्हणून 14/7/2025 असे लिहिता येणार नाही. ‘फायनल’ हा शब्द टाळा, कारण त्यानंतर ‘फायनल नवीन’ येतेच. बाहेरच्या पक्षाची यंत्रणा जुनी असेल तर नाव रोमन अक्षरांत ठेवणे सुरक्षित.

मेल आल्यावर ‘रिप्लाय ऑल’ करून त्यात नवा माणूस जोडला, तर त्याला जुनी अटॅचमेंट मिळत नाही. उत्तर देताना फाइल गळते, ‘फॉरवर्ड’ करताना सोबत जाते. नव्या सहकाऱ्याला मूळ मेल फॉरवर्डच करा.