दिवाळीच्या सुट्टीत जुने 'एज ऑफ एम्पायर्स' मित्रांसह पुन्हा कसे खेळावे

नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली साताऱ्याची मंडळी दिवाळीत घरी येतात, आणि शाळा-कॉलेजच्या वयात एका खोलीत संगणक जोडून खेळलेले रणनीतीचे खेळ पुन्हा मांडण्यास वर्षभरात याहून सोयीची वेळ मिळत नाही. या प्रकाराला 'ड्यून २' (1992) आणि 'कमांड अँड कॉन्कर' (1995) यांनी घडवले, आणि त्या दोहोंविषयी मनात आदर असूनही चार-सहा जणांच्या बैठकीसाठी मी 1999 चा 'एज ऑफ एम्पायर्स २' सुचवेन. त्यातील खरी गोडी लढाईपेक्षा उभारणीत आहे, आणि बऱ्याच काळाने खेळणाऱ्यालाही उभारणी लवकर आठवते. शिवाय या खेळात उंचावरून खाली मारा करणाऱ्या सैनिकाचा आघात पाव पटीने वाढतो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला टेकडी आधी का धरावी हे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रथम आवृत्तीचा प्रश्न सोडवावा. जपून ठेवलेली मूळ सीडी विंडोज १० वर बहुधा चालणार नाही, कारण तिच्यातील 'सेफडिस्क' ही नक्कल-प्रतिबंधक व्यवस्था त्या प्रणालीतून काढून टाकलेली आहे. घरात विंडोज एक्सपीचा चालू संगणक असेल तर सीडी त्यावरच लावावी. अन्यथा 2019 ची 'डेफिनिटिव्ह एडिशन' विकत घ्यावी आणि साध्या लॅपटॉपवर तिचा अधिक तपशीलवार चित्रांचा ऐच्छिक संच उतरवू नये. खर्च नको असल्यास '० ए. डी.' हा मुक्त खेळ याच धाटणीचा असून त्यात मौर्यांचे सैन्यही आहे. कोणताही पर्याय निवडला तरी सर्वांकडे तंतोतंत एकच आवृत्ती हवी, आणि ती प्रत्येकाने आपापल्या घरी आधीच उतरवून आणावी, नाहीतर पहिली संध्याकाळ डाउनलोडकडे पाहण्यात जाते. राउटर इन्व्हर्टरवर ठेवावा.

नकाशा म्हणून 'ब्लॅक फॉरेस्ट' घ्यावा. दाट जंगलामुळे वाटा अरुंद राहतात, तटबंदी सोपी होते आणि सरावलेला गडी नवख्याला आरंभीच चिरडू शकत नाही. त्याखेरीज पहिली वीस मिनिटे कोणी कोणावर चालून जायचे नाही, असे पूर्वी तोंडी ठरत असे तसेच ठरवावे, आणि चीट कोड बंद ठेवावेत.

आता सुरुवात, आणि डाव बहुधा येथेच ठरतो. नेहमीच्या मांडणीत हाती तीन व्हिलेजर (कामकरी गावकरी), एक घोडेस्वार आणि 200 अन्न असते. एक व्हिलेजर 50 अन्नात आणि 25 सेकंदांत तयार होतो, म्हणून पहिल्याच क्षणी एच कळ दाबून टाउन सेंटर, म्हणजे व्हिलेजर तयार करणारी मुख्य इमारत, निवडावे आणि चार व्हिलेजर रांगेत लावावेत. ही रांग पुढील युगात जाण्याची वेळ येईपर्यंत रिकामी पडू देऊ नये. दोघांनी घरे बांधावीत, कारण 25 लाकडांच्या एका घरात पाचच माणसांची सोय होते आणि जागा संपली की उत्पादन थांबते. मेंढ्या टाउन सेंटरला लागून, एका वेळी एकच कापावी. कापलेल्या मेंढीचे मांस कोणी उचलत नसले तरी सडत जाते. सुमारे सहा जण अन्नावर स्थिरावले की पुढचे तीन-चार लाकडाकडे पाठवावेत आणि मग रानडुकराकडे वळावे. एका डुकराचे 340 अन्न मिळते, पण त्यासाठी एकाच व्हिलेजरने बाण मारून त्याला टाउन सेंटरपर्यंत पळत आणावे लागते, आणि तेवढ्या वेळात त्या व्हिलेजरवरून नजर हटवू नये. पूर्णविरामाची कळ रिकामा बसलेला व्हिलेजर दाखवते; ती सतत दाबण्याची सवय ज्याला लागली, त्याचे 500 अन्न इतरांआधी जमते आणि तो फ्यूडल या पुढच्या युगात आधी पोहोचतो.

डाव संपल्यावर लगेच उठू नये. शेवटच्या आलेखात कोणाची लोकसंख्या केव्हा थबकली हे स्पष्ट दिसते, आणि त्यावरचा वाद मला डावाइतकाच प्रिय आहे. डाव लांबला तर जतन करता येतो, मात्र तो पुढे चालवण्यास तेच खेळाडू लागतात. म्हणून लक्ष्मीपूजनानंतर मांडलेला डाव भाऊबीजेच्या आत, मंडळी पुण्याची एसटी धरण्यापूर्वी, पूर्ण करावा.